कुणालाही न वगळणारे तारण

कोलकात्याच्या उत्तर टोकाला, गंगेच्या काठावर बागबाजार आहे. तिथल्या एका गल्लीच्या नावात 'मराठा डिच' हे शब्द आजही आहेत. १७४२ मध्ये रघूजी भोसल्यांचे सैन्य भास्करराम कोल्हटकरांच्या हाताखाली बंगालवर चालून आले, तेव्हा घाबरलेल्या नगरवासीयांनी बागबाजाराच्या बाजूने शहराभोवती खंदक खणायला घेतला. बेत सुमारे सात मैलांचा होता. तीनेक मैल खणून झाल्यावर काम थांबले, कारण मराठे कोलकात्यापर्यंत पोहोचलेच नाहीत. खंदकाच्या आत राहणाऱ्यांचा जीव वाचेल आणि बाहेरच्या खेड्यापाड्यांनी आपले आपण पाहावे, हा त्या खोदकामामागचा सरळ हिशेब होता. धर्मांनीही मरणानंतरच्या जगाभोवती असे खंदक खणले आहेत. आत कोण आणि बाहेर कोण, हे ठरवण्यात पंडितांच्या आणि पाळकांच्या पिढ्या खर्ची पडल्या. पुढील प्रकरणे ज्या श्रद्धेविषयी आहेत, ती ख्रिस्ती धर्माच्या पोटातच जन्मलेली आणि तरीही तिथे कायम संशयाने पाहिली गेलेली श्रद्धा आहे: शेवटी कुणीही बाहेर राहणार नाही, देव प्रत्येक माणसाचे तारण करील. मराठी वाचकाला तिची ओळख करून देताना बागबाजार हे ठिकाण मी मुद्दाम निवडले आहे. या श्रद्धेवर जे आक्षेप घेतले जातात, त्यांतल्या बहुतेकांची परीक्षा त्या वस्तीतल्या माणसांच्या आयुष्यात झालेली दिसते.

याच बागबाजारात बोसपाडा लेनमध्ये १८९८ च्या नोव्हेंबरात मार्गारेट नोबल ऊर्फ भगिनी निवेदिता यांनी मुलींची शाळा काढली. आयर्लंडमध्ये जन्मलेल्या निवेदिता एका ख्रिस्ती पाळकाच्या कन्या. ऐन तारुण्यात त्यांना चर्चच्या सिद्धान्तांविषयी शंका येऊ लागल्या, आणि त्या शंकांची हकीकत त्यांनी १९०२ मध्ये मुंबईत हिंदू स्त्रियांपुढे केलेल्या भाषणात स्वतःच सांगितली. 'द मास्टर ॲज आय सॉ हिम' या १९१० च्या पुस्तकात त्यांनी नोंदवलेला एक प्रसंग असा: ईस्टरच्या एका दुपारी रामकृष्ण परमहंसांच्या पत्नी सारदादेवी आपल्या सोबतिणींना घेऊन निवेदितांच्या घरी आल्या. घर पाहून झाल्यावर त्यांनी तिथल्या प्रार्थनेच्या खोलीत बसून या ख्रिस्ती सणाचा अर्थ ऐकण्याची इच्छा दाखवली. मग एका लहानशा फ्रेंच ऑर्गनच्या साथीवर ईस्टरची गीते झाली. बंगालच्या खेड्यात वाढलेल्या, इंग्रजी न जाणणाऱ्या या बाईंनी पुनरुत्थानाच्या गीतांचे मर्म इतक्या चटकन पकडले की निवेदिता थक्क झाल्या. प्रचलित ख्रिस्ती शिकवणुकीला हा प्रसंग मोठ्या पेचात टाकतो. मरणावर जीवनाने मिळवलेल्या विजयाचे गाणे जिला मनापासून कळले, ती स्त्री बाप्तिस्मा घेतला नाही म्हणून कायमची हरवली, असे मानायचे का? एकोणिसाव्या शतकात बंगालमध्ये आणि महाराष्ट्रात काम करणाऱ्या बहुतेक मिशनऱ्यांना याचे उत्तर 'होय' असेच द्यावे लागले असते, मग ते देताना त्यांच्या मनाला कितीही यातना होवोत.

सर्वांच्या तारणाची श्रद्धा म्हणजे आधुनिक काळातल्या हळव्या मनाने काढलेली पळवाट, अशी समजूत सर्रास आढळते. ती चुकीची आहे. पौलाच्या पत्रांमध्येच तिचा उगम आहे. आदामात जसे सगळे मरतात तसे ख्रिस्तात सगळे जिवंत केले जातील, आणि अखेरीस देवच सर्वांत सर्व होईल, असा विचार करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायात येतो. रोमकरांस पत्राच्या अकराव्या अध्यायात देवाने सर्वांवर दया करावी म्हणूनच सर्वांना आज्ञाभंगात कोंडले असे म्हटले आहे. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात सर्व माणसांचे तारण व्हावे ही देवाची इच्छा असल्याचे स्पष्ट सांगितले आहे. अमेरिकन तत्त्वज्ञ टॉमस टॅलबट यांनी या सगळ्याची तर्काच्या दृष्टीने नेमकी मांडणी केली. देवाला सर्वांचे तारण हवे आहे. देवाला जे खरोखर हवे आहे ते अखेर घडतेच. काही माणसे कायमची नाश पावतात. ही तिन्ही विधाने एकाच वेळी खरी असू शकत नाहीत. कॅल्विनच्या परंपरेने पहिले सोडले: देवाने काहींनाच निवडले आहे. माणसाच्या इच्छास्वातंत्र्यावर भर देणाऱ्यांनी दुसरे सोडले: देवाला हवे ते होईलच असे नाही. सर्वांचे तारण मानणारे तिसरे सोडतात. तिघांनाही काहीतरी सोडावेच लागते. म्हणून 'आम्ही शास्त्राला धरून आहोत आणि तुम्ही मनाला येईल ते सांगता' हा दावा त्यांच्यापैकी कुणालाही करता येत नाही.

चौथ्या शतकातल्या निस्साच्या ग्रेगरीने हे तिसरे विधान उघडपणे सोडले होते. आत्मा आणि पुनरुत्थान यांवरचा त्याचा संवाद त्याची बहीण मॅक्रिना मृत्युशय्येवर असताना घडतो. त्यात शिकवणारी ती आहे आणि शंका काढणारा तो. शिक्षेचा अर्थ समजावताना ती चिखल वाळून कडक झालेल्या दोराचा दाखला देते. असा दोर अरुंद भोकातून ओढला की चिखल खरवडून निघतो, दोर बाहेर येतो, आणि या ओढण्यात वेदना असतातच. वेदना अटळ आहे, पण ती चिखल काढण्यासाठी आहे. पकडून ठेवण्याची जागा म्हणजे नरक नव्हे, असा याचा सरळ अर्थ. ग्रेगरीला चर्चने कधीही पाखंडी ठरवले नाही. उलट ७८७ च्या निकाया येथील दुसऱ्या परिषदेत त्याला पितरांचा पिता म्हणून गौरवले गेले. त्याच्याआधी हाच विचार मांडणाऱ्या ऑरिजनच्या नावावर मात्र ५५३ च्या कॉन्स्टॅन्टिनोपल परिषदेशी जोडलेले शाप कायमचे चिकटले, आणि ते शाप परिषदेने खरोखर संमत केले होते का, यावर विद्वान आजही वाद घालतात. सातव्या शतकातला निनवेचा इसहाक हा पूर्व सिरियाई परंपरेतला, म्हणजे ज्या परंपरेशी केरळच्या ख्रिस्ती मंडळींचे शतकानुशतके नाते होते तिच्यातला. देवाची शिक्षा सूड म्हणून असूच शकत नाही, असे त्याचे प्रतिपादन आहे. पश्चिमेत ऑगस्टिनच्या प्रभावाने हा सूर दबला. पण 'देवाचे नगर' या ग्रंथाच्या एकविसाव्या पुस्तकात त्यालाच नरकाचा शेवट मानणाऱ्या दयाळू ख्रिस्ती लोकांशी वाद घालावा लागला आहे, आणि एवढा लांब वाद कुणी मूठभर लोकांशी घालत बसत नाही.

हा प्रश्न मराठी माणसापर्यंत पोहोचला तो वादातूनच. जॉन म्यूर या स्कॉटिश अधिकाऱ्याने १८३९ मध्ये 'मतपरीक्षा' हा संस्कृत ग्रंथ लिहून ख्रिस्ती धर्माची श्रेष्ठता मांडली. त्याला संस्कृतातून उत्तरे देणाऱ्या तिघांपैकी दोघे मराठी होते: सिहोरचे सुबाजी बापू, ज्यांनी सोमनाथ या नावाने लिहिले, आणि काशीत वाढलेले नीलकंठशास्त्री गोऱ्हे. तिसरे हरचंद्र तर्कपंचानन हे कोलकात्याचे. गोऱ्ह्यांनी 'शास्त्रतत्त्वविनिर्णय' या ग्रंथात घातलेला घाव सर्वांत खोल होता. जीव पूर्वकर्माशिवाय नव्याने निर्माण करायचा, त्याला एकच लहानसे आयुष्य द्यायचे, आणि त्या आयुष्यातल्या मोजक्या पापांसाठी न संपणारी शिक्षा करायची, यात न्याय कुठे आहे? हा प्रश्न विचारणारे शास्त्रीबोवा १८४८ मध्ये स्वतःच बाप्तिस्मा घेऊन नेहेम्या गोऱ्हे झाले. पुढे कोलकात्याच्या बिशपांकडून त्यांना दीक्षा मिळाली आणि १८९५ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते चर्चच्या परंपरेशी एकनिष्ठ राहिले. शंकांनी मात्र त्यांची पाठ कधी सोडली नाही. ख्रिस्ती धर्मावर भारतातून आलेला हा आक्षेप भावनेचा नव्हता. कर्म आणि फळ यांचे प्रमाण राखणाऱ्या विचारपरंपरेतून आलेला तो न्यायाचा आक्षेप होता. कर्मसिद्धान्तात नरक आहेत, भयंकरही आहेत, पण ते संपतात. न संपणारा नरक ही आपल्याकडच्या बहुतेक दर्शनांना अपरिचित कल्पना. माध्व संप्रदायाने काही जीवांना नित्य संसारी आणि काहींना तमोयोग्य मानले, हा अपवाद इथेच नोंदवायला हवा, नाहीतर 'आमच्याकडे असे काही नव्हतेच' ही खोटी प्रौढी होईल.

दुसरे मराठी नाव पंडिता रमाबाईंचे. १८७८ मध्ये त्या कोलकात्यात आल्या, तिथल्या विद्वानांनी त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. तिथेच त्यांना पडद्यातल्या स्त्रियांपुढे स्त्रीधर्मावर बोलायला सांगण्यात आले. त्यासाठी त्या धर्मशास्त्रे वाचू लागल्या आणि त्यांच्या लक्षात आले की एरवी एकमेकांशी न जुळणारे हे ग्रंथ एका गोष्टीवर एकमत आहेत: कोणत्याही वर्णाची स्त्री आणि शूद्र यांना पुरुषांसारखा मोक्षाचा अधिकार नाही. 'वगळणे' म्हणजे काय, हे रमाबाईंना कोलकात्यात कळले. पुढे इंग्लंडमध्ये फुलहॅमला वॉण्टेजच्या ख्रिस्ती भगिनींना समाजाने टाकून दिलेल्या स्त्रियांची सेवा करताना त्यांनी पाहिले, योहानाच्या शुभवर्तमानातली शोमरोनी स्त्रीची कथा त्यांच्यापुढे आली, आणि १८८३ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तरीही वॉण्टेजच्याच भगिनी जेराल्डीन यांच्याशी झालेल्या पत्रव्यवहारात त्या अथेनेशियसच्या मतांगीकारावर अडून बसलेल्या दिसतात. हा मतांगीकार सुरुवातीला आणि शेवटी दोन्हीकडे बजावतो की ही श्रद्धा न धरणारा कायमचा नाश पावेल. रमाबाई सर्वांचे तारण मानणाऱ्या नव्हत्या. पुढच्या काळात त्यांची श्रद्धा आणखी कडवी झाली. पण बाईला आणि शूद्राला बाहेर ठेवणारी रेघ ओलांडून त्या ज्या घरात आल्या, त्या घरानेही दुसरी एक रेघ ओढून ठेवली होती. आयुष्यभर त्यांनी स्वतःची विवेकबुद्धी पाद्र्यांच्या हाती सोपवली नाही, याचे मला विलक्षण मोल वाटते.

त्याच दशकात इंग्लंडमध्ये हाच वाद पेटला होता, आणि तो पेटवणाऱ्याचा जन्म मुंबईचा. फ्रेडरिक फॅरर यांचे वडील नाशिकला मिशनरी होते. १८७७ च्या अखेरीस फॅरर यांनी वेस्टमिन्स्टर ॲबीत दिलेली प्रवचने पुढच्या वर्षी 'इटर्नल होप' या नावाने छापली गेली. नरकाच्या प्रचलित कल्पनेवर त्यांनी जाहीरपणे हल्ला केला. १८८० मध्ये धर्मपंडित पुसी यांनी त्याला ग्रंथरूपाने उत्तर दिले, आणि इंग्लंडच्या चर्चमधल्या त्यांच्याच पंथाच्या वातावरणात वॉण्टेजचा भगिनी समाज वाढला होता. म्हणजे रमाबाई तिथे पोहोचल्या तेव्हा घरातले वडीलधारे नुकतेच या विषयावर भांडून बसले होते. फॅरर यांनीही सर्वांचे तारण होईलच असे म्हटले नाही, आशा ठेवायला जागा आहे एवढेच म्हटले. एवढ्यानेही केवढा गदारोळ उठला, हे लक्षात घेतले पाहिजे.

सर्वांत जुना आणि सर्वांत जास्त वेळा घेतला जाणारा आक्षेप असा की शेवटी सगळेच तरणार असतील तर माणूस बेफिकीर होईल. भीती गेली की नीती जाते. बागबाजार इथे कामाला येतो. नाटककार गिरीशचंद्र घोष यांचे घर आजही त्यांच्याच नावाच्या रस्त्याच्या मधोमध उभे आहे. दारू, रंगभूमीवरचे बेबंद आयुष्य, वर तर्कटी स्वभाव असे हे गृहस्थ. रामकृष्णांनी त्यांना सकाळ-संध्याकाळ देवाचे स्मरण करायला सांगितले. आपल्याकडून ते होईल याची गिरीशांना खात्री देता येईना. मग जेवणाआधी आणि झोपण्यापूर्वी, एवढेच करा, असे सुचवले. तेही त्यांना झेपणारे वाटले नाही. अखेर रामकृष्ण म्हणाले की मग मला मुखत्यारपत्र द्या, सगळा भार माझा. गिरीशांना सुटल्यासारखे वाटले. भीतीचा सिद्धान्त खरा असता तर हा माणूस त्या दिवसापासून आणखी मोकाट सुटायला हवा होता. घडले उलटे. एकदा त्यांनी कसल्याशा किरकोळ कामाविषयी 'मी हे करीन' असे म्हटले तेव्हा रामकृष्णांनी त्यांना टोकले: देवाची इच्छा असेल तर, असे म्हणा. मुखत्यारपत्र दिल्यावर 'मी' म्हणायची सोय उरलीच नाही. पुढे गिरीश सांगत की जपतपाला कधीतरी शेवट असतो, पण या शरणागतीला शेवट नाही. प्रत्येक श्वासाला पाहावे लागते की आपण त्याच्यावर विसंबून आहोत की स्वतःच्या तोऱ्यात. हे सगळे रामकृष्णांचे शिष्य स्वामी सारदानंदांनी 'लीलाप्रसंग' या ग्रंथात लिहून ठेवले आहे, आणि तो ग्रंथही बागबाजारातच लिहिला गेला. सारदादेवींसाठी आणि 'उद्बोधन' मासिकासाठी बांधलेल्या घराचे कर्ज फेडायचे होते, म्हणून सारदानंद त्या घरातल्या चिंचोळ्या खोलीत, माणसांच्या गजबजाटात बसून लिहीत राहिले.

एका माणसाच्या उदाहरणाने सिद्धान्त सिद्ध होत नाही, हे मान्य. पण भीती गेली की नीती जाते, हे विधान सार्वत्रिक आहे आणि सार्वत्रिक विधान ढासळायला एक उलट उदाहरण पुरते. शिवाय उदाहरणे एवढीच नाहीत. सर्वांचे तारण मानणाऱ्या ग्रेगरीनेच उपदेशकावरच्या प्रवचनात गुलामगिरीवर थेट हल्ला केला. देवाच्या प्रतिमेला किती पैशाला विकत घेतलेस, असा त्याच्या युक्तिवादाचा रोख. प्राचीन जगात इतक्या निखालसपणे बोलणारा दुसरा सापडणे कठीण. अमेरिकेतल्या युनिव्हर्सलिस्ट चर्चने १८६३ मध्ये ऑलिंपिया ब्राउन यांना रीतसर पाळक म्हणून दीक्षा दिली, ते इतर बहुतेक पंथांच्या कितीतरी आधी. बेफिकिरीचा आक्षेप खुद्द या मंडळींनीही गंभीरपणे घेतला होता. होझिया बालू यांच्या प्रभावाखाली काहींनी मरणानंतर कसलीही शिक्षा नाही अशी टोकाची भूमिका घेतली, तेव्हा १८३१ मध्ये ॲडिन बालू आणि त्यांचे सहकारी वेगळे झाले. मरणानंतरही जाब द्यावा लागेल, शुद्ध व्हावे लागेल, पण दार बंद होणार नाही, असे त्यांचे म्हणणे. याच ॲडिन बालूंचे अप्रतिकाराचे विचार टॉलस्टॉयनी उचलले आणि टॉलस्टॉयच्या ग्रंथाने दक्षिण आफ्रिकेतल्या तरुण गांधींना हलवले. सगळे अखेर एकाच घरी जाणार आहेत असे खरोखर वाटणाऱ्या माणसाला शत्रूवर हात उचलणे जड जाते. म्हणून या श्रद्धेतून अहिंसेचा विचार निघाला, यात मला काहीच आश्चर्य वाटत नाही.

न्यायाचा आक्षेप याहून वजनदार आहे. ज्याने दुसऱ्याचे आयुष्य उद्ध्वस्त केले तो आणि ज्याचे उद्ध्वस्त झाले तो, दोघे एकाच पंगतीला बसणार का? रमाबाईंनी केडगावला १८९८ मध्ये 'मुक्ती' मिशन उभे केले तेव्हा दुष्काळातून आणलेल्या मुलींमध्ये माणसांनी छळलेल्या, विकलेल्या मुली होत्या. अशा मुलीला कुणी सांगायचे की तुझा छळ करणाराही अखेर तरेल? हा प्रश्न टाळून या श्रद्धेची बाजू मांडणारा माणूस मला विश्वासार्ह वाटत नाही. माझे उत्तर असे आहे: न संपणारी शिक्षा त्या मुलीला काहीही परत देत नाही. अपराधी अनंतकाळ तडफडत राहिला तर तो शेवटपर्यंत अपराधीच राहतो, आपण काय केले हे त्याला कधीच कळत नाही, आणि दुष्टपणा विश्वात कायमचा जिवंत राहतो. त्या मुलीचा न्याय तेव्हाच पुरा होतो, जेव्हा छळणाऱ्याला तिच्या डोळ्यांतून स्वतःकडे पाहावे लागते, त्याच्या अंगावरचा सगळा चिखल खरवडून निघतो आणि तो तिच्यासमोर उभा राहून ते कबूल करतो. मॅक्रिनाच्या दोराला जो त्रास होतो तो याचाच. आणि क्षमा करायची की नाही, कधी करायची, हे त्या मुलीच्या वतीने दुसऱ्या कुणी ठरवायचे नाही. या श्रद्धेत शिक्षा कमी होत नाही. ती कशासाठी आहे हे ठरते.

आधुनिक काळात स्वातंत्र्याचा आक्षेप जास्त ऐकू येतो. सी. एस. लुइस यांनी त्याला लोकप्रिय रूप दिले: नरकाची दारे आतून बंद असतात, माणूस स्वतःच बाहेर येत नाही, आणि देव कुणाला जबरदस्तीने बाहेर ओढत नाही. यावर मला पद्मविनोदाची कथा सांगावीशी वाटते, जी सारदादेवींच्या चरित्रांत आहे. बागबाजारात राहणारा हा माणूस रंगभूमीशी संबंधित आणि दारूच्या आहारी गेलेला होता. सारदानंदांना तो 'दोस्त' म्हणत असे. रात्री उशिरा झिंगून परतताना तो सारदादेवींच्या घराखाली येऊन दोस्ताला हाका मारी, पण सारदादेवींची झोप मोडू नये म्हणून घरातले कुणी ओ देत नसत. एका रात्री तो गल्लीत उभा राहून आईने दार उघडावे म्हणून आळवणी करणारे गाणे म्हणू लागला. वर खिडकीची झडप हलली, मग खिडकी पुरी उघडली. पद्मविनोद रस्त्यावरच लोळला, त्याने वाटेवरची धूळ मस्तकी लावली आणि गात गात निघून गेला. दुसऱ्या दिवशी कुणी तक्रार केली तेव्हा त्याची हाक ऐकून मला राहवत नाही, अशा अर्थाचे उत्तर सारदादेवींनी दिले. या प्रसंगात कुणाचेही स्वातंत्र्य मोडले गेले नाही. त्याला कुणी ओढून घरात नेले नाही, दारू सोडायला लावले नाही. पण आतून बंद असलेले दार उघडायला बाहेरून कुणीतरी अथकपणे वाट पाहत आहे, हे त्याला कळले. स्वातंत्र्याचा आक्षेप असे धरून चालतो की माणूस पुरे समजून-उमजून अनंतकाळ स्वतःचा नाश निवडू शकतो. व्यसनात अडकलेल्या माणसाला जवळून पाहणारा कुणीही सांगेल की नाश निवडणारी इच्छा मोकळी नसते, ती बांधलेली असते. डेव्हिड बेंटली हार्ट यांनी २०१९ च्या ग्रंथात हाच मुद्दा तत्त्वज्ञानाच्या भाषेत लावून धरला आहे: ज्याला हित कळते आणि जो मोकळा आहे, तो हितच निवडतो. देवाला माणसाची इच्छा मोडायची गरज नाही, तिची बेडी तोडायची आहे, आणि त्यासाठी त्याच्याकडे वेळ कमी नाही.

इथे एक रास्त हरकत येईल. रामकृष्ण आणि सारदादेवी हिंदू, मग त्यांच्या उदाहरणाने ख्रिस्ती सिद्धान्त कसा तपासता? आणि या दोन्ही बाजूंना एकमेकांविषयी फारसे प्रेमही नव्हते. ख्रिस्ती लोकांच्या तोंडी सतत पाप-पाप असते, ही रामकृष्णांची तक्रार 'कथामृता'त नोंदलेली आहे. विवेकानंदांनी १८९३ मध्ये शिकागोला माणसाला पापी म्हणण्यावरच हरकत घेतली, आणि पुढे ब्रुकलिनमधल्या रमाबाई मंडळाशी त्यांचा जाहीर खटका उडाला. बागबाजार आणि केडगाव हे एकाच गोष्टीचे दोन चेहरे आहेत, असे मी म्हणत नाही. जीवाला पुन्हा पुन्हा जन्म मिळतात असे मानणाऱ्याला सर्वांच्या मुक्तीवर विश्वास ठेवणे सोपे जाते. एकच जन्म मानणाऱ्याला त्यासाठी मरणाच्या पलीकडे देवाच्या धीराला जागा करून द्यावी लागते. शिवाय ख्रिस्ती माणसासाठी हे तारण क्रुसावर घडलेल्या एका घटनेतून येते, नुसत्या मानवी चांगुलपणातून नव्हे. हा फरक पुसून टाकला तर दोन्ही परंपरांचा अपमान होईल. पण निकोप श्रद्धेचे परिणाम काय होतात, तिच्यामुळे माणूस सैल होतो की जबाबदार, याचा पुरावा कोणत्याही परंपरेतून यायला हरकत नसावी. शुभवर्तमानात चांगल्या शेजाऱ्याचे उदाहरण देताना येशूने स्वतःच परक्या पंथाचा शोमरोनी निवडला.

मग धर्मप्रसाराचे काय? सगळेच तरणार असतील तर कुणाला काही सांगायचे कशाला? १८९९ मध्ये कोलकात्यात प्लेग आला, रामकृष्ण मिशनने मदतकार्याची जबाबदारी निवेदितांवर टाकली. डॉ. राधागोविंद कर यांनी लिहून ठेवले आहे की बागबाजारातल्या एका ओल धरलेल्या झोपडीत प्लेग झालेले मूल मांडीवर घेऊन निवेदिता बसल्या होत्या. मुलाची आई आधीच गेली होती. तिथे जाणे धोक्याचे आहे, हे डॉक्टरांनी सांगूनही त्या हलल्या नाहीत. ते मूल अखेर वाचले नाही. या बाईला ते मूल नरकात जाईल अशी भीती नव्हती, आणि तिथे बसून स्वतःला पुण्य मिळेल असा हिशेबही नव्हता. मूल एकटे आहे, एवढेच कारण तिला पुरले. ज्यांना प्रेमाची बातमी सांगायला नरकाची धमकी लागते, त्यांनी ती बातमी स्वतः कितपत ऐकली आहे, हा प्रश्न मी त्यांच्यापुढे गांभीर्याने ठेवतो.

शेवटी मत्तयाच्या शुभवर्तमानाचा पंचविसावा अध्याय उरतो, आणि तो उरतोच. मेंढरे आणि शेरडे वेगळी केली जातात, एकांना जीवन, दुसऱ्यांना शिक्षा. सर्वांचे तारण मानणारे या उताऱ्याचे स्पष्टीकरण वेगवेगळ्या वाटांनी करतात. मला त्यांपैकी एकही पूर्ण समाधानकारक वाटत नाही. मात्र तिथे निवाडा कशावर होतो ते पाहण्यासारखे आहे: भुकेल्याला अन्न दिले का, परक्याला घरात घेतले का, तुरुंगातल्याला भेटलात का. मतांगीकार तिथे कुणी विचारत नाही. अथेनेशियसच्या नावाचा मतांगीकार ज्या रेषेवर माणसे वेगळी करतो, ती रेषा या अध्यायात नाही. म्हणजे हा उतारा सर्वांच्या तारणाला अडचणीचा आहे तसाच प्रचलित ख्रिस्ती शिकवणुकीलाही आहे, आणि त्याने दोघांनाही अस्वस्थ करावे हेच योग्य. स्विस धर्मशास्त्री हान्स उर्स फॉन बाल्थासार यांनी यातून असा मार्ग काढला की सर्व तरतील हे आपण खात्रीने सांगू शकत नाही, पण तशी आशा धरणे हे ख्रिस्ती माणसाचे कर्तव्य आहे. हार्ट यांना हा मार्ग भित्रेपणाचा वाटतो. देव खरोखर चांगला असेल तर आशा नव्हे, खात्रीच हवी, असे ते म्हणतात. तर्काच्या बाजूने मी हार्ट यांच्याकडे झुकतो, प्रार्थनेच्या बाजूने बाल्थासार यांच्याकडे. खात्री झालेल्या गोष्टीसाठी माणूस गुडघे टेकून विनवणी करत नाही, आणि दुसऱ्याच्या तारणासाठी विनवणी करणे मला सिद्धान्ताइतकेच महत्त्वाचे वाटते. कॅथलिक चर्चने आजवर हजारो माणसांना संत म्हणून जाहीर केले आहे, म्हणजे ती स्वर्गात आहेत असे अधिकृतपणे सांगितले आहे. एखादा अमुक माणूस नरकात आहे, असे मात्र तिने एकदाही जाहीर केलेले नाही, अगदी यहूदा इस्कर्योताविषयीसुद्धा नाही. पुढची प्रकरणे या मौनापासून सुरू होतात.